तहहयात कोणाची?

१. भिंतीपलीकडची कुरकुर

"रोज रोज मीच काऊन बसू? माही पाठ गेली बसू बसू. आज त्या कडूबाले बसवा."

"कडूबाले मिशा कुठं हायेत?" बाईचा आवाज आला. "उगी राहा, अन् पागोटं आना इकडं."

शालूबाई विकाऊ घराच्या भिंतीतल्या देवळीत हात घालून चुना कितपत धरलाय ते चाचपत होती, ती तशीच थांबली. देवळीपाशी भिंत जेमतेम एका विटेची होती. शेजारचं बोलणं कोणी कानाशी तोंड आणून बोलावं तसं ऐकू येत होतं. नुसतं बसायला मिशा कशाला लागतात, ते काही तिच्या ध्यानात येईना.

"काय व, देवळीत साप हाय काय?" तिचा नवरा, शेषराव, ओरडले. ते कापसाच्या वखारीत मापारी होते. दिवसभर वजनं पुकारून त्यांचा गळा असा झाला होता की प्रेमानं बोलले तरी चार घरं दचकत.

"काई नाई," ती म्हणाली.

घर तिच्या मनात भरलं होतं. भरलं म्हणजे पार गळ्यापर्यंत. मोताळ्यातल्या भाड्याच्या खोलीत तिनं इतकी वर्षं काढली होती की झोपेत कूस बदलली तरी चुलीला पाय लागे. इथं माजघर वेगळं, न्हाणी वेगळी, वर मातीच्या सपाट छताला, धाब्याला, सागाचे सरे. आणि दारासमोरचा रस्ता असा सरळ, की एका टोकाशी उभं राहून दुसऱ्या टोकाचा माणूस हसतोय का रडतोय ते कळावं. माणसांनी दोरी लावून आखलेला रस्ता तिनं इथंच पहिल्यांदा पाहिला होता. देवळात शिरताना होतं तसं तिला उंबऱ्याशी झालं होतं.

ही भगवंतपेठ. नळगंगेच्या काठच्या माळावरची. मानमोडीच्या साथीत गावात घरोघरी माणूस गेलं, तेव्हा उरलेले लोक पोरंबाळं घेऊन या माळावर येऊन पडले. माळ भगवंतराव देशमुखांचा. त्यांनी कोणाला उठवलं नाही. उलट रस्ते आखले, विहीर खणली, भाडेपट्ट्यानं जागा दिल्या, आणि ज्याचं त्यानं घर बांधा म्हणाले. माळी, तेली, कुणबी, कोष्टी असे सगळे भिंतीला भिंत लावून राहिले. त्यातलंच हे घर कारभारी नावाचा माणूस विकायला निघाला होता. घाईनंच म्हणायचं.

"जागा पट्ट्याची हाय, पन तहहयात," कारभारी म्हणाला.

"तहहयात म्हंजे कायम," शेषरावांनी बायकोला समजावलं. "आपन मरेपर्यंत. अजून काय पायजे?"

"कोनाची?" शालूबाईनं विचारलं.

"काय कोनाची?"

"हयात. कोनाची हयात?"

शेषराव हसले. कारभारीही हसला, पण त्याचं हसू जरा मागाहून आलं. तेवढ्यात चौकातून ओरडा झाला, "चोरी! मालकाच्या घरी चोरी!"

२. तडकलेला खडा

चौकात टांगा उभा होता. टांग्यापाशी भगवंतरावांचे पुतणे हिंमतराव उभे होते, पांढरा कोट घातलेले, गोड बोलणारे. त्यांच्या तळहातावर एक अंगठी होती, काजळी धरलेली. पुष्कराजाचा खडा मधोमध तडकलेला.

"काकांची अंगठी. आमच्या आजोबांपासूनची," ते म्हणाले. "गोजरबाईला नदीच्या रेतीत सापडली. पाणी आटलं म्हणून दिसली तरी."

मागं गोजरबाई परटीण उभी होती. अंगठी सापडल्याचं बक्षीस मिळेल की फटके, याचा अंदाज घेत असल्यासारखी.

"चोरानं मुशीत टाकून वितळवायला पाहिली असणार," हिंमतराव म्हणाले. "मग भ्याला, अन् दिली नदीत फेकून. काकांच्या घरात रोज कोण जातं-येतं?"

सगळ्यांच्या नजरा कारभाऱ्याच्या शेजाऱ्याकडं, पुंजाजी तेल्याकडं गेल्या. उंच, भरदार मिशांचा म्हातारा. तो कंबर धरून उभा होता.

"अन् पेठ सोडायची घाई कोणाला झाली आहे?" असं म्हणून हिंमतरावांनी कारभाऱ्याकडं पाहिलं. मग शेषरावांकडं वळले. "तुम्ही घर घेताय म्हणे. घ्या की. फक्त एक समजून घ्या. हा माळ वाटणीत काकांकडं आला तो त्यांच्या हयातीपुरता. तेवढाच त्यांना पट्ट्यानं देता आला. काका आहेत तोवर पट्टा. काकांना मूलबाळ नाही, मग जागा माझी. मला इथं कापसाचं जीन, सरकी काढायचा कारखाना, टाकायचं आहे. तुमचं कोणाचं मी काही बुडवणार नाही. मलबा तुमचा. विटा, सरे, कवाडं, खुशाल उचलून न्या."

शालूबाईला वाटलं, हा माणूस मिठाईच्या ताटात सुरी ठेवून ताट पुढं करतोय.

"पन मालक तं ठनठनीत हायेत!" कारभारी झटकन म्हणाला. "ते पाहा."

देशमुखांच्या घराच्या सज्जात बांबूच्या चिकाच्या पडद्याआड एक आकृती बसली होती. लाल पागोटं, भरदार मिशा, हातात हुक्क्याची नळी. पेठेतल्या माणसांनी वर पाहून राम राम घातला. आकृतीनं हात वर केला.

"दिसतात खरे," हिंमतराव हळूच म्हणाले. "रोज दिसतात. जवळ मात्र काकी जाऊ देत नाहीत. खोकला आहे म्हणतात."

"बुढा अजून लय जगते," शेषराव बायकोच्या कानात म्हणाले, म्हणजे साऱ्या चौकाला ऐकू गेलं. "घेऊन टाकू."

शालूबाईनं वर पाहिलं. पागोट्याची लोंबती शेव डाव्या खांद्यावर होती. बाजाराच्या दिवशी ती पहिल्यांदा पेठ पाहायला आली होती, तेव्हा शेव उजव्या खांद्यावर होती. तिनं ते तेव्हा का पाहिलं आणि आज का आठवलं, देव जाणे.

तिच्या बुगड्या आणि एकदाणी विकून आणलेले पैसे घरी उतरंडीत होते. ते द्यायचे की नाही, हे आता त्या सज्जातल्या माणसाच्या छातीवर ठरणार होतं. तो खोकला तिला जवळून ऐकायचा होता.

३. न भरलेली ओटी

"नवी माणसं पेठेत येणार म्हणून ऐकलं," मालकीण अन्नपूर्णाबाई देशमुख म्हणाल्या. "बसा."

साठीच्या बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, चेहऱ्यावर फार दिवस नीट न झोपल्याची ओढ. शेजारी पुंजाजीची बायको तानुबाई बसली होती. आवाजावरनं शालूबाईनं ओळखलं, देवळीपलीकडची ती हीच.

वरून खोकला आला. चांगला खणखणीत.

"मालकाचं दर्शन झालं असतं तं..." शालूबाईनं घोडं पुढं दामटलं.

"झोपले आहेत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

झोपलेला माणूस इतका वेळेवर खोकतो, हे शालूबाईला नवीनच होतं. तिनं विषय बदलला. "अंगठीचं आयकून वाईट वाटलं माय."

"कशी गेली बाप्पा, कोनाले ठाऊक," तानुबाई म्हणाली. "बोट इतकं सुजलं होतं मालकाचं, अंगठी पार रुतली होती. साबन लावला, तूप लावलं, पन निघालीच नाई..."

अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. तानुबाईचं वाक्य तिथंच बसलं.

"निघालीच नाई, मंग नदीत कशी गेली?" शालूबाईनं सहज विचारलं.

"नंतर निघाली," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. ताट घेऊन आल्या. नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकवाचा करंडा. शालूबाई पदर पसरून उभी राहिली. पण बाईंनी ताट तानुबाईकडं दिलं.

"तानुबाई, तुम्ही भरा ओटी."

शालूबाईनं आयुष्यात पुष्कळ घरं पाहिली होती. घरची सवाष्ण बाई समोर धडधाकट उभी असताना आल्या-गेल्याची ओटी शेजारणीनं भरावी, असं तिनं धाड गावच्या माहेरी पाहिलं नव्हतं, मोताळ्याच्या सासरी पाहिलं नव्हतं. देशमुखीण आहे, मापाऱ्याच्या बायकोच्या पदराला हात लावायचा नसेल, असं मनात येऊन तिचे कान तापले.

रागानं ती मागच्या दारानंच निघाली. परसात पुंजाजी रांजणातलं पाणी पीत होता. डोकं उघडं, दोन्ही हात मग कमरेवर. आणि कपाळावर, या कानापासून त्या कानापर्यंत, करकचून बांधलेल्या पागोट्याचा ताजा वळ.

वरचा खोकला थांबला होता.

४. गोसावी

"चोरी नाईच ते," शालूबाई जेवताना नवऱ्याला म्हणाली. "माह्या बुगड्या इकल्या तवा सोनारानं काय केलं? पयले चिमट्यानं खडे काढले, मंग तराजू घेतला. सोनं इतळवनारा चोर खडा तसाच ठेवीन काय?"

"चोराले घाई असन."

"तुमच्यावानी."

शेषरावांनी भाकरीचा मोठा घास घेतला. सौदा त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी ठरवूनही टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं चार लुगडी पाटीत घेतली आणि नदी गाठली. गोजरबाई दगडावर कपडे आपटत होती.

"ते अंगठी कुठं सापडली व तुमाले?"

"हे काय, इथंच." गोजरबाईनं पायानं रेती दाखवली. "राखंच्या जाग्यापासून खाली. पेठवाल्याईनं गोसाव्याची राख सोडली ना माघात, तिथून."

"कोनता गोसावी?"

"अवं, आल्ता एक बेवारशी. पेठेतच मेला म्हंतात. अख्खी पेठ आली होती माय त्याले पोचवाले. बायाबी आल्या. घाटावर बाया येतात काय कधी? आल्या. अन् लोक असे रडू राह्यलते, का ज्याचं त्याले काई सुधरे नाई. सख्ख्या बापासाठी मानूस रडत नाई तसं. म्या म्हनलं, पाहा बाप्पा, गोसाव्याचंबी नशीब असते."

"मंग?"

"मंग काय. जाळला, अन् गेले."

शालूबाईच्या हातातलं लुगडं पाण्यात तसंच राहिलं.

"जाळला?"

"हाव. जाळला."

"गोसाव्याले?"

गोजरबाईचा उचललेला हात वरच थांबला. गोसाव्याला कोणी जाळत नाही. बसवून माती देतात, समाधी देतात. लहान लेकरालाही ठाऊक असलेली गोष्ट. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. मग गोजरबाईनं नजर काढून घेतली आणि कपडा दगडावर असा आपटला की पाणी दोघींच्या तोंडावर उडालं.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मी कपडे धुते माय. तुमीबी कपडे धुवा."

म्हणजे पेठेबाहेरही कोणाकोणाला ठाऊक होतं. आणि नदीपर्यंत येऊनसुद्धा ती गोष्ट ओठांच्या बाहेर पडली नव्हती.

५. धाब्यांवरची पानं

त्यानंतर एका सकाळी ती धाबं गळतं का ते पाहायचं निमित्त करून कारभाऱ्याच्या घरी गेली. शिडीनं वर चढली. धाब्याच्या कोपऱ्यात पळसाचं पान मांडलेलं होतं. पानावर भात, वरण, वड्याचा तुकडा. कावळ्यासाठी ठेवतात तसं.

"कोनाची तिथी हाय?" तिनं खाली वाकून कारभाऱ्याच्या बायकोला विचारलं.

"माह्या सासऱ्याची," ती खालून म्हणाली.

असेल. शालूबाई उठून उभी राहिली आणि शेजारच्या धाब्याकडं तिची नजर गेली. तिथंही पान होतं. त्याच्या पलीकडच्या धाब्यावरही. माळ्याच्या, कोष्ट्याच्या, कुणब्याच्या, रस्त्याच्या या अंगाला, त्या अंगाला, पार टोकापर्यंत ऊन पडलेली सपाट धाबी, आणि प्रत्येक धाब्यावर एक हिरवं पान. कावळे या पानावरून त्या पानावर चालले होते. इतकं जेवण पाहून त्यांनाही कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

साऱ्या पेठेचे सासरे काय एकाच तिथीला गेले?

पहिल्यांदा तिला हसू आलं. मग ते हसू विरलं. ती तिथंच धाब्यावर बसली.

ज्याला मूल नाही, त्याच्या नावानं पान कोण मांडतं? पुतण्या मांडतो. पण पुतण्याला सांगायची सोय नसेल तर? तर सगळे मांडतात. महिन्याच्या महिन्याला, आपापल्या बापाचं नाव सांगून, एकमेकांकडं न बघता. विहिरीवर बोलायचं नाही, भांडणात तोंडातून निसटू द्यायचं नाही, दारू प्याल्यावरही नाही. लेकरांनासुद्धा सांभाळायचं. एवढ्या तोंडांतून एकही तोंड उघडलं नाही!

शालूबाईनं मोठमोठी देवळं पाहिली होती, सिंदखेडचा तो भक्कम दगडी दरवाजा पाहिला होता. पण माणसांनी बांधलेली याच्याएवढी मोठी वस्तू तिनं पाहिली नव्हती. तिनं उन्हातच हात जोडले. कोणाला जोडले, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आणि तरीही तो शब्द तिनं मनातसुद्धा उच्चारला नाही. जणू तीही पेठेतलीच झाली होती.

समोरच्या सज्जात लाल पागोटं येऊन बसलं. तिनं या वेळी राम राम घातला. पागोट्यातल्या माणसानं हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं गुपचूप आपली कंबर दाबली.

६. दोघी

अन्नपूर्णाबाई परसात एकट्याच तांदूळ निवडत होत्या.

"बाईसाहेब, मले घर नाई घ्याचं," शालूबाई म्हणाली. "तेवढं सांगाले आली."

"आवडलं नाही?"

"लय आवडलं. म्हनून तं रडू येऊन राह्यलं."

सुपातला हात थांबला. "कोणी काही बोललं?"

"कोनीच काई बोललं नाई. तेच तं नवल हाय." शालूबाई पायरीवर बसली. "अंगठी कोनी चोरली नाई. चोरानं आधी खडा काढला असता. बोट सुजेल होतं, अंगठी निघत नव्हती, मंग ते बोटासंगच आगीत गेली. राख सावडताना कोनाले दिसली नाई, राखेसंग नदीत गेली. घाटावर गोसावी जाळला म्हंतात. गोसाव्याले कोनी जाळत नाई बाई. सज्जातलं पागोटं रोज येगळ्या हातानं बांधलेलं असते; पुंजाजीबुवा चौकात उभे होते तवा वर दुसराच कोनी बसेल होता. पुंजाजीबुवाच्या कपाळावर त्याचा वळ हाय. अन् परवा मी धाब्यावर चढली होती."

अन्नपूर्णाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"तरी मले खरं कळलं ते तुमच्यामुळं," शालूबाई म्हणाली. "तुमी माही ओटी भरली नाई. मले पयले रागच आल्ता."

बाईंचा हात कपाळाकडं गेला आणि मधूनच परत आला. "हे कुंकू मी माझ्या कपाळाला लावते," त्या म्हणाल्या. "त्याचं पाप लागायचं ते मला लागेल. पण दुसऱ्या सवाष्णीच्या कपाळाला लावायला हात उचलत नाही माझा. तिनं काय केलंय?"

पलीकडं कोंबड्या माती उकरत होत्या.

"हे सगळ्यांना सांगायचे, मी आहे तोवर तुम्हाला कोणी हलवणार नाही," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "वकिलानं तेच कागदावर घातलं. यांनी कलम सांगितलं, आणि लोकांनी आशीर्वाद ऐकला. मोठा माणूस 'मी आहे तोवर' म्हणतो तेव्हा 'म्हणजे किती दिवस?' असं कोणी विचारतं का? लोकांनी पाये घातले, सुना आणल्या. यांना ते उमगलं तेव्हा पेठ उभी राहिली होती. हिंमतरावांना किती विनवलं, ते ऐकेनात. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती, तरी तेच चाललेलं. मी आहे तोवर, मी आहे तोवर." त्या थांबल्या. "मग पेठ येऊन दारात बसली. कोणी काही मागितलं नाही हो. नुसती बसली. मीच खुंटीवरचं पागोटं काढलं अन् पुंजाजीच्या हातात दिलं."

या बाईनं नवऱ्याचा शब्द राखायला नवऱ्यालाच राखलं होतं.

"तुमच्या मालकांना सांगाल?"

"त्याईले? ते कानात बोलले तरी बाजार आयकते. दाराची दिशा वाईट हाय म्हनीन."

"कारभाऱ्याला मी समज देते. नव्या माणसाला फसवायचं नाही, एवढं तरी..."

"मले काय समज देता बाई?"

कारभारी परसाच्या कवाडात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. चेहऱ्यावर मुजोरी नव्हती, भीती होती, आणि ती मुजोरीपेक्षा वाईट दिसत होती.

"हे किती दिस चालन?" तो म्हणाला. "आज अंगठी सापडली, उद्या काई और सापडन. मंग माह्या हाती काय, मलबा? पोरीचं लगन मलब्यावर करू? घर इकल्या जाते तोवर इकतो मी. तुमी बोलू शकत नाई. अन् या शालूबाई बोलल्या तं साऱ्या पेठेच्या चुली इझतीन. बोला म्हना त्याईले."

कवाड लावून तो गेला. जाताना त्यानं ते अगदी हळू लावलं, आवाज न करता.

७. सौदा

बाजाराच्या दिवशी देशमुखांच्या घरासमोर घोंगडी अंथरली. पेठेची रीत अशी, की घर एका हातून दुसऱ्या हाती जायचं तर मालकांनी सज्जातून हात वर करायचा. मग पानसुपारी, मग कागद. हिंमतराव घरचे साक्षीदार म्हणून आले होते. ते लोकांकडं कमी आणि सज्जाकडं जास्त पाहत होते.

"दाराची दिशा वाईट हाय," शालूबाई म्हणाली.

"पूर्वेचं दार वाईट?" शेषराव म्हणाले. लोक हसले. म्हणजे हसायचं म्हणून हसले.

"मले ते घर नाई पायजे. पैसे देऊ नका."

"काऊन पन? तूच तं उंबऱ्यावर हात फिरवू राह्यली होती. कारन सांग एखांदं!"

कारण तिच्या जिभेवर होतं. जेमतेम एका शब्दाचं. तो शब्द बोलला की थैली वाचणार होती. बुगड्या, एकदाणी, इतक्या वर्षांचं पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं, सगळं वाचणार होतं. तिनं मान वर केली. धाब्याधाब्यांवर बाया उभ्या होत्या. तानुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. रस्त्याच्या टोकाशी एक पोर हौदातलं पाणी म्हशीवर उडवत होतं. कुठल्यातरी घरी फोडणी पडली होती, तिचा वास आला. सगळी पेठ तिच्या तोंडाकडं पाहत होती, आणि कोणी डोळ्यांनीसुद्धा तिला विनवत नव्हतं.

तिनं तोंड मिटलं.

"बायकाईचं असंच असते," शेषराव म्हणाले, आणि कमरेची थैली सोडून त्यांनी कारभाऱ्याच्या ओंजळीत ठेवली.

कारभाऱ्यानं ओंजळ मिटली नाही. त्यानं मान खाली घातली.

"मालकाची मर्जी घ्या," कोणीतरी म्हणालं.

सगळ्या माना वर वळल्या. चिकाआड लाल पागोटं होतं. हात दिसत होता, गुडघ्यावर ठेवलेला. राम राम घेताना रोज सहज उठणारा तो हात आज उठेना. पुंजाजीनं आजवर ते पागोटं घातलं होतं ते शेजारपाजार राखायला. परक्याच्या बायकोचं सोनं बुडवायला तो बसला नव्हता. बोटं हलली. मनगट थोडंसं वर आलं. पुन्हा गुडघ्यावर टेकलं.

"काका?" हिंमतरावांनी हाक मारली. वरून खोकला आला नाही. हिंमतरावांच्या ओठांवर काहीतरी आलं, पण काकासमोर पुतण्यानं तसं कसं म्हणायचं? चुकलं तर सात गावं तोंडात शेण घालतील. त्यांनी ते गिळलं.

हात पुन्हा उचलू लागला.

तेव्हा दार उघडलं. अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. इतक्या बाप्यांमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. घोंगडीवरची माणसं गडबडून उठली आणि बाजूला झाली. उन्हामुळं बाईंचे डोळे बारीक झाले होते. त्या पायऱ्या उतरल्या, सरळ कारभाऱ्यापाशी गेल्या. त्याच्या ओंजळीतली थैली त्यांनी उचलली. त्यानं दिली. दिली म्हणजे सुटका झाल्यासारखी सोडली.

"बाईसाहेब, नका," शालूबाई म्हणाली. ते इतकं हळू होतं, की तिचं तिलाच ऐकू आलं.

अन्नपूर्णाबाईंनी थैली शेषरावांच्या हातात ठेवली. मग त्या वळल्या. एकदा त्यांनी तो सरळ रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, एकेक धाबं, एकेक दार, आणि मग पुतण्याकडं मान वर करून पाहिलं.

"हिंमतराव," त्या म्हणाल्या, "हे मेले."